सासरे, अठरा टक्के हळू

सासऱ्यांच्या माळ्यावरून मला फक्त शिडी आणायची होती.

आमच्या न्हाणीघरातला दिवा गेला होता आणि स्टुलावर चढून तो बदलण्याचा माझा बेत स्टुलाने हाणून पाडला होता. सासऱ्यांकडे शिडी आहे हे सगळ्या घराला ठाऊक. पण सासऱ्यांकडून एखादी वस्तू मागून आणणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. ते वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू, मापं आणि चेहरे तपासले. दोन ग्रॅमच्या फरकासाठी त्यांनी दुकानाला सील ठोकलेलं आहे. त्यांच्यासमोर 'साधारण' हा शब्द वापरला की ते हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघतात, आणि मी 'साधारण' मागे घेईपर्यंत बघत राहतात. खिशात स्टॉपवॉच बाळगणारा दुसरा निवृत्त माणूस मी पाहिलेला नाही.

"शिडी सहा पायऱ्यांची आहे," ते म्हणाले. "सहाही पायऱ्यांसकट परत आणा."

आता ही शिडी माळ्यावर होती, आणि माळ्यावर चढायला शिडी लागते. हा पेच मी सासऱ्यांच्या नजरेला आणून दिला नाही. टेबलावर खुर्ची ठेवून चढलो आणि शिडी ओढताना तिच्यामागून एक चपटं, चौकोनी काहीतरी माझ्या कपाळावर आलं. बघतो तर जुनी ग्रामोफोनची तबकडी. वेष्टनावर एक तरुण मैलाच्या दगडावर बसलेला, अनवाणी, मांडीवर गिटार, केस खांद्यापर्यंत. शेजारी एक बोकड, आणि फोटो काढून घेण्याचा अनुभव दोघांत बोकडालाच जास्त असावा असं दिसत होतं. वर ठळक अक्षरांत 'निघतो म्हणतो'. खाली सासऱ्यांचं नाव. साल चौऱ्याहत्तर.

सासऱ्यांना एके काळी केस होते हीच माहिती मला नवी होती. गिटार पचवायला वेळ लागला. मी शिडी तिथेच विसरून खाली आलो आणि तबकडी त्यांच्यासमोर धरली.

"बाबा, हे तुम्ही?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या रिकाम्या दुसऱ्या हाताकडे.

"ती फाइल बंद आहे," ते म्हणाले. "शिडी कुठे आहे?"

मी निघालो तेव्हा सासूबाईंनी दारात माझ्या हातात एक पिशवी दिली. वर जुनी वर्तमानपत्रं होती. "खाली ती आहे," त्या हळूच म्हणाल्या. "ऐका. आणि कशी वाटली ते मला सांगा. यांना नको."

तबकडी मिळाली, पण वाजवायची कशावर? माझ्या बायकोचं कुतूहल तर आता उकळीला आलं होतं. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांचं रक्त बघून घरी येते, त्यामुळे घरात काहीही घडलं तरी ती शांत असते. माझा पाय मोडला तेव्हासुद्धा तिने आधी गॅस बंद केला. पण त्या वेष्टनाकडे बघून ती खुर्चीत बसलीच. "बाबांनी मला कधी अंगाईसुद्धा म्हटली नाही रे," ती म्हणाली. "मी झोपले नाही तर किती मिनिटं झोपले नाही तेवढं सांगायचे."

आमच्या वरच्या मजल्यावर लिफ्टवाले काका राहतात. त्यांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आणि जगातलं प्रत्येक यंत्र ही मुळात एक लिफ्टच आहे, असं त्यांचं ठाम मत आहे. त्यांच्या चपलांच्या कपाटात एक रेकॉर्ड प्लेअर निघाला. मोटर चालू होती, पण मोटरवरून तबकडीला फिरवणारा रबरी पट्टा वितळून काळा डिंक झाला होता.

पट्टा हवा आहे, ही बातमी इमारतीत फुटली आणि इथून माझ्या अब्रूचे दिवस भरले. एरवी मला जिन्यात ओळख न देणारी माणसं सल्ला द्यायला दारात उभी राहू लागली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी रबरी हातमोज्याचा काठ कापून दिला. तो पहिल्याच फेऱ्यात तुटून काकांच्या नाकावर बसला. समोरच्या बाईंनी हेअरबँड दिला. त्यावर तबकडी फिरली, पण ठेच लागल्यासारखी. कोपऱ्यावरच्या शिंप्याने शिलाई मशीनचा जाड पट्टा दिला. त्याने तबकडी अशी गरगरली, की सुई उडून सोफ्याखाली गेली आणि ती शोधायला सोफा हलवला तेव्हा माझी हरवलेली तीन पेनं आणि एक अनोळखी चावी सापडली. ती कशाची आहे यावर पाऊण तास चर्चा झाली. तबकडी बाजूलाच राहिली.

शेवटी काकांची नजर माझ्या पायजम्यावर गेली.

"इलॅस्टिक किती वर्षांचं आहे?"

"दोन."

"म्हणजे मुरलेलं आहे. काढा."

मी तत्त्वाचा माणूस आहे, पण घरात चार माणसं वाट बघत असताना तत्त्वाला फार ताणता येत नाही. बायकोने कात्री आणली. अशा रीतीने, एका हाताने पायजमा धरून, मी माझ्या सासऱ्यांचा गाता आवाज आयुष्यात प्रथम ऐकला.

आवाज विहिरीतून यावा तसा होता. गिटारची एकेक तार जणू विचार करून वाजत होती. मागे माउथ ऑर्गन, एखादं दार खूप वेळ उघडत राहावं तसा.

निघतो म्हणतो… निघतो म्हणतो…
चप्पल तेवढी… सापडू दे…

मला संगीतातलं काही कळत नाही, पण अंगावर काटा आला. माणूस निघायचं म्हणतो आणि निघू शकत नाही. अहो, सगळं आयुष्यच आलं की यात! पुढच्या गाण्यात तर 'बोकडानं खाल्लं माझं तिकीट, आता मी जाऊ कुठं' या ओळीला लिफ्टवाले काका डोळे पुसत उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. बायको रडत होती. मी डोळे पुसायला हात उचलला आणि कोणता हात मोकळा आहे याचा अंदाज चुकला. दातांचे डॉक्टर सज्जन माणूस, त्यांनी छताकडे बघितलं.

बायकोने सगळी तबकडी फोनवर मुद्रित केली आणि दुसऱ्या दिवशी वेष्टनाच्या फोटोसह इंटरनेटवर टाकली. आम्हाला वाटलं, चार नातेवाईक ऐकतील. तीन आठवड्यांत चाळीस हजार लोकांनी ऐकलं. 'माझं लग्न मोडलं तेव्हा हे गाणं कुठे होतं?' असं एकाने लिहिलं होतं. 'हा आवाज ऐकून मी नोकरी सोडली,' असं दुसऱ्याने. मी सासूबाईंना फोन करून सांगितलं, की लोक धाय मोकलून रडताहेत.

"रडताहेत?" त्या म्हणाल्या. "कशाला?"

मला वाटलं, विनय असेल.

मग प्राध्यापक आले. काळा सदरा, काळी पँट, छातीपर्यंत दाढी. विस्मृत ध्वनिमुद्रिका मंडळाचे ते अध्यक्ष होते. मंडळात पाच सभासद, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. ही तबकडी ते बावीस वर्षं शोधत होते. त्यांनी वेष्टन दोन्ही हातांत घेतलं आणि इतका वेळ गप्प राहिले, की बायकोने चहा पुन्हा गरम केला.

"बोकड म्हणजे काळ," ते अखेर म्हणाले. "चप्पल म्हणजे स्व. आम्ही यांच्या स्मृतीला मैफल करतोय. सभागृह ठरलं आहे."

"स्मृतीला कशाला?" मी म्हणालो. "ते आहेत ना. चार थांबे पुढे राहतात. आत्ता बहुतेक दुधाची पिशवी मोजत असतील."

प्राध्यापक माझ्याकडे बघून करुणेने हसले. "असा आवाज असलेली माणसं पस्तिशीपुढे जगत नाहीत. आणि तुमच्या माहितीसाठी, ध्वनिमुद्रण नोंदणी कार्यालयात त्यांच्या नावापुढे 'मयत' अशी नोंद आहे. मी स्वतः बघितली. ते हयात असतील तर दाखला आणा. मी त्यांच्या पायाशी बसेन."

आता, मी विमा कंपनीत दावे तपासतो. 'आपण हयात असल्याचा पुरावा जोडलेला नाही' हे वाक्य मी तेवीस वर्षं इतक्या लोकांना पाठवलं आहे, की झोपेतसुद्धा त्यातला स्वल्पविराम मी चुकवणार नाही. ते एक दिवस माझ्याच घरावर उलटेल असं वाटलं नव्हतं.

सासऱ्यांना गाण्याबद्दल काही सांगायची सोय नव्हती. ती फाइल बंद होती. बायकोने युक्ती केली. ती एवढंच म्हणाली, "बाबा, एका सरकारी नोंदीत तुम्ही मयत आहात."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कोणत्या तारखेपासून?"

"तारीख नाही लिहिलेली."

"तारीखही नाही?" ते उठले आणि बूट घालू लागले.

नोंदणी कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीमागे एक बाई होत्या. खुर्चीवर उशी, पाठीला उशी, आणि चेहऱ्यावर आपण जगाला आधीच नकार देऊन बसलो आहोत असं समाधान. त्यांनी सासऱ्यांचं ओळखपत्र उलटंसुलटं बघितलं.

"हे वजनमापे निरीक्षकाचं आहे. गायकाचं कुठे आहे?"

"एकच माणूस आहे," मी म्हणालो. "नाव बघा ना."

"नावं सारखी असतात हो. यांचं नाव माझ्या दिरांचं आहे. म्हणून हे माझे दीर झाले का?"

मी नाही म्हणालो.

"मग मयत कसं लिहिलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"तीन पत्रं पाठवली, तिन्ही परत आली. तीन पत्रं परत आली की मयत. नियमच आहे."

"आमची बदली झाली होती!"

"बदलीला वेगळी खूण असते. ती केलेली नाही." बाईंनी ड्रॉवरमधून एक जाड वही काढली. "ओळखीबद्दल वाद असेल, तर आवाजाची तुलना करायची सोय आहे. गाऊन दाखवा. मी मूळ गाण्याशी ताडून बघते." आणि त्यांनी फोनवर आमची ती प्रसिद्ध फीत शोधायला सुरुवात केली.

सासऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं. रांगेत आठ माणसं होती. पन्नास वर्षांत न गायलेला माणूस अशा जागी गाईल असं मला वाटलं नव्हतं. पण नोंद चुकीची होती, आणि चुकीच्या नोंदीसाठी हा माणूस आगीत शिरला असता. त्यांनी घसा साफ केला आणि पिंजऱ्यातून सुटलेल्या पाखरासारखं, चटचट चटचट, नाकात जरा उंच, गायले, "निघतो म्हणतो निघतो म्हणतो चप्पल तेवढी सापडू दे!"

रांगेतले दोघे हसले. तसं बघितलं तर ते गाणं हसायचंच होतं. बाईंनी फोनचं बटण दाबलं. खिडकीतून विहिरीतला तो आवाज आला. निघतो… म्हणतो…

"हा आवाज तुमचा नाही," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचा हात खिशात गेला होता. स्टॉपवॉच बाहेर आलं. पूर्ण गाणं संपेपर्यंत ते काचेला कान लावून उभे राहिले, मागची रांग कुरकुरत होती तरी.

"मूळ गाणं तीन मिनिटांचं आहे," ते म्हणाले. "हे तीन मिनिटं चाळीस सेकंद चाललं. वेग अठरा टक्के कमी आहे." मग ते हळूहळू माझ्याकडे वळले. असे वळलेले ते अनेक दुकानदारांनी पाहिले असतील. "जावईबापू, हे कशावर वाजवलंत?"

मी आयुष्यात पुष्कळ कबुल्या दिल्या आहेत, पण रांगेतल्या आठ माणसांसमोर, सरकारी खिडकीपाशी, 'माझ्या पायजम्याच्या इलॅस्टिकवर' असं म्हणण्याची वेळ कोणा शत्रूवरही येऊ नये.

"चाळीस हजार लोकांना," बाईंच्या फोनवरचा आकडा वाचत सासरे म्हणाले, "तुम्ही कमी मापाचा माल दिलात."

बसमध्ये ते माझ्यापासून दोन बाकं दूर बसले.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी सासूबाईंचा फोन आला, "ते म्हणताहेत, यंत्र घेऊन या. आणि ते इलॅस्टिकही."

आम्ही गेलो. लिफ्टवाले काका यंत्र उचलायला बरोबर. सासऱ्यांनी टेबलावर पांढरा कागद पसरला होता. त्यांनी इलॅस्टिक चिमट्याने उचललं, सैल असताना मोजलं, ताणून मोजलं, आणि कागदावर लिहिलं, 'मूळ उपयोग: पायजमा.' मग त्याला एक गाठ मारली, तबकडीवर खडूची खूण केली, स्टॉपवॉच धरून फेरे मोजले, पुन्हा गाठ. मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर एक तृतीयांश. त्या एक तृतीयांशासाठी अर्धा तास गेला. मग सुई ठेवली.

आणि खोलीत उड्या मारत एक वेगळाच माणूस आला. खट्याळ, तुरुतुरु चालणारा, चप्पल शोधण्यासाठी घरभर धावणारा. ढोलकीसारखी वाजणारी गिटार, मागे माउथ ऑर्गनचा धांगडधिंगा. बोकडाने तिकीट खाल्लं तेव्हा माझी बायको खुदकन हसली. मग तिला हसू आवरेना. काका मात्र पडलेल्या चेहऱ्याने बसले होते. "मी या गाण्यावर तीन आठवडे रडलो हो," ते म्हणाले.

"हे योग्य माप आहे," सासरे म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं.

"योग्य कसलं?" सासूबाई म्हणाल्या. त्या इतका वेळ दारात उभ्या होत्या. "ते मुद्रण करायला आपल्याला तीन तास मिळाले होते. आणि बाहेर साबणाच्या जाहिरातीची आठ माणसं उभी. सारखी दार वाजवत होती. दहाच्या दहा गाणी घोड्यावर बसल्यासारखी म्हटली. मला तर माउथ ऑर्गनमध्ये श्वास घ्यायला जागा राहिली नव्हती."

"माउथ ऑर्गन तू वाजवलास, आई?" बायकोने विचारलं.

"मग काय बोकडाने?"

बायको खुर्ची ओढून आईसमोर बसली. तिच्या आईवडिलांची तिला नव्याने ओळख करून द्यायला कोणीतरी हवं होतं.

"एका मासिकात दोन ओळी आल्या," सासूबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या. "'गाणी बरी, पण फार घाईत म्हटली आहेत.' एवढंच. वाईटही नव्हतं लिहिलेलं. पण यांनी गिटार उचलून दिली ती दिलीच. दुसऱ्या महिन्यात निरीक्षकाच्या परीक्षेला बसले."

सासरे तबकडीकडे बघत होते. मग त्यांनी चिमटा घेतला आणि इलॅस्टिकची गाठ जराशी सैल केली. गाणं किंचित मंदावलं. पुन्हा सैल. सासूबाई मान हलवत होत्या, अजून, अजून. पुन्हा एकदा. आता चप्पल शोधणारा माणूस धावत नव्हता. तो शोधताना मधेच थांबत होता, आणि बहुधा तिला आवाज देत होता. गाणं हसरंच होतं, पण काकांचा हात पुन्हा रुमालाकडे गेला. सासूबाईंनी हात वर केला.

"इथे," त्या म्हणाल्या. "मागच्या पायऱ्यांवर बसून म्हणायचो, ते इथे."

सासऱ्यांनी घड्याळ बघितलं. "नऊ टक्के," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं माप चूक होतं. दिशा बरोबर होती." वीस वर्षांत मला त्यांच्याकडून मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र. मी बायकोला ते कागदावर लिहून घ्यायला सांगितलं.

त्यानंतर सासऱ्यांनी जाहीर केलं, की ते मैफलीत गाणार. गाणं लोकांपर्यंत चुकीच्या मापाने गेलं आहे, तर बदलून देणं बंधनकारक आहे. पण तिथे पुन्हा तीन नंबरची खिडकी आली. मृत माणसाला मंचावर गायची परवानगी देता येत नाही. प्राध्यापकही ऐकेनात, कारण आवाज जुळला नाही हे त्यांना कार्यालयातून कळलंच होतं. अखेर खिडकीमागच्या बाईंनाच दया आली.

"एक सोय आहे," त्या म्हणाल्या. "'दिवंगत कलाकाराचं अनुकरण करणारा कलाकार' असा एक अर्ज असतो. त्याला मृताच्या पत्नीची हरकत नसल्याची सही लागते."

सासरे ताडकन म्हणाले, "खोटा मजकूर आहे!"

"द्या इकडे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच पेनने, त्यांची पत्नी म्हणून सही केली. "नात्याचा रकाना खरा आहे ना? मग झालं." बाईंनी विचारलं, "यांना तुम्ही ओळखता का?" सासूबाईंनी सासऱ्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "ओळख होतेय."

सासऱ्यांनी अर्ज तीनदा वाचला. 'मूळ कलाकाराशी साम्य' या रकान्यात त्यांनी 'वेग नऊ टक्के कमी, बाकी तंतोतंत' असं लिहिलं, आणि मग कुठे त्यांना सही करवली.

मैफलीच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. बहुतेक लोक काळ्या कपड्यांत, हातात रुमाल तयार. मंचावर वेष्टनावरचा तो फोटो मोठा करून लावला होता आणि त्याला हार. बोकडालाही अर्धा हार आला होता. प्राध्यापकांनी चाळीस मिनिटं भाषण केलं, चपलेच्या अर्थावर पंधरा. मग म्हणाले, "दिवंगत कलाकाराला आदरांजली म्हणून एक मिनिट स्तब्ध उभे राहू या."

सगळे उभे राहिले. सासरेही मंचावर, स्वतःच्या फोटोखाली, मान खाली घालून उभे राहिले. थोड्या वेळाने प्राध्यापक "धन्यवाद" म्हणाले आणि लोक बसू लागले, तोच मंचावरून आवाज आला.

"बावन्न सेकंदच झाले."

प्राध्यापक वळले.

"एक मिनिट म्हणालात," सासरे स्टॉपवॉच दाखवत म्हणाले. "आठ सेकंद बाकी आहेत."

सगळे पुन्हा उभे राहिले. मृत माणसाने स्वतःच्या श्रद्धांजलीतली तूट वसूल करून घेतल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं. माझ्या शेजारी बायकोने ओठ इतके घट्ट दाबले होते, की मला तिच्या दातांची काळजी वाटली.

मग ते गिटार घेऊन बसले. गिटार उसनी होती, बोटं पन्नास वर्षं रिकामी होती. पहिली तार चुकली. दुसरी चुकली. मी खुर्चीची कड धरून बसलो होतो. खरं सांगतो, त्या क्षणी कुणी माझ्याकडून पायजमाच काय, कातडं मागितलं असतं तरी दिलं असतं. तेवढ्यात पडद्याच्या बाजूने सासूबाई आल्या. पदर खोचलेला, हातात माउथ ऑर्गन. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं, परवानगी नव्हती, अर्जही नव्हता. त्या सरळ त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि एक सूर धरला. सासऱ्यांनी त्या सुरावर बोट ठेवलं आणि गाणं सुरू झालं.

लोक आधी गोंधळले. ज्यांनी रुमाल काढले होते त्यांना ते वापरावेत की नाही, हे कळेना. 'चप्पल तेवढी सापडू दे'ला मागच्या रांगेत एकजण हसला. प्राध्यापकांनी वळून "शू!" केलं. पुन्हा तीच ओळ आली आणि अर्धं सभागृह हसलं, आणि त्या हसण्यातच समोरच्या एका बाईंनी डोळे पुसले. बोकडाच्या गाण्याला तर प्राध्यापकांची दाढी हलताना मी स्वतः पाहिली. ते हसत होते की रडत होते हे दाढीमुळे समजलं नाही. चौथ्या गाण्यात सासरे शब्द विसरले. सासूबाईंनी माउथ ऑर्गन काढून ओळ सांगितली, "खिडकी उघडी ठेवली होतीस," ती सगळ्यांना ऐकू गेली, आणि सासरे "हो, हो, खरंच की," असं गाण्यातच म्हणून गेले. दहाही गाणी झाली. लोक उभे राहिले, या खेपेला कोणी मिनिटं मोजली नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही मंचामागे गेलो. सासरे घामाने निथळत होते आणि पन्नास वर्षांनी लहान दिसत होते. प्राध्यापक आले, त्यांचा हात हातात घेतला आणि खऱ्या कळकळीने म्हणाले, "फार सुंदर गायलात. राग मानू नका, पण मूळ गायकाची सर नाही."

मी पुढे झालो, पण सासऱ्यांनी मला हाताने अडवलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "त्याची गोष्टच वेगळी होती."

प्राध्यापक गेले. त्यांच्यामागे ती डोळे पुसणारी बाई उभी होती. तिने कार्यक्रमपत्रिका सहीसाठी पुढे केली आणि जरा बिचकत विचारलं, "तुम्ही त्यांना प्रत्यक्ष ओळखत होतात का हो?"

सासऱ्यांनी सही करता करता विचार केला.

"थोडाफार," ते म्हणाले. "माझ्या बायकोबरोबर फिरायचा तो."

बाई दचकली. तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई माउथ ऑर्गन रुमालात गुंडाळत होत्या.

"देखणा होता," त्या म्हणाल्या. "पण हे बरे आहेत. यांना घाई नाही."